नळी माझी, बोल्ट तुमचा

भाऊ,

मंगळवारी सकाळी तुम्ही गेलात. साडेसहाला चहा घेतला, पेपर आला का म्हणून बायकोला, आमच्या अक्कांना, विचारलं, आणि खुर्चीवरून उठला नाहीत. सात वाजून दहा मिनिटांनी अक्कांचा मला फोन आला. दुपारी बाराला आम्ही सगळे स्मशानात होतो. संध्याकाळी पाचला मी रेंजवर होतो.

रेंजवर जायचं काही कारण नव्हतं. क्लब बंद असल्याची चिठ्ठी मीच फाटकावर चिकटवली होती. पण मंगळवार हा मोठ्या सफाईचा वार. मी लोखंडी कपाट उघडलं, तीन नंबरची रायफल काढली, बोल्ट बाहेर घेतला, सळईला चिंधी लावून नळीतून फिरवली आणि सवयीप्रमाणे समोरच्या टोकाने आत पाहिलं. मागच्या टोकाला तुम्ही अंगठ्याचं नख धरायचात. खिडकीचा उजेड नखावर पडून नळीत शिरावा आणि आतली रेघ न् रेघ दिसावी म्हणून. त्या दिवशी तिथे नख धरायला कोणी नव्हतं. तरी नळीत उजेड होता. खिडकी मोकळी होती, उजेड आपला आपण आला असेल. एवढं समजत असूनही रायफल खाली ठेवायला मला बराच वेळ लागला.

क्लबच्या मंडळींनी मला शोकसभेत वाचायला दोन पानं लिहून आणायला सांगितलं आहे. तुम्ही दोंडाईचाजवळच्या खेड्यातले, फौजेत आर्मोरर, म्हणजे हत्यारं सांभाळणारे-दुरुस्त करणारे, होता, निवृत्तीनंतर जळगावला आलात आणि या क्लबच्या रायफली सांभाळल्यात, हे सगळं हॉलच्या फलकावर लिहिलेलं आहे. ते मी वाचणार नाही. मला एकच गोष्ट सांगायची आहे. ती तुम्ही असताना सांगायची होती. सहा वर्षं जवळजवळ रोज आपण एका टेबलाशी बसलो, आणि ती मी सांगितली नाही. आता ती सगळ्यांच्या देखत सांगतो.

मी रेंजवर आलो तो लिहिण्याच्या कामासाठी. कॉलेजात ग्रंथपाल असलेला माणूस क्लबची पत्रं नीट लिहील, परवान्याचे कागद जपून ठेवील, असं कोणाला तरी वाटलं. बंदुकीचा आवाज मला आजही आवडत नाही. पहिल्या दिवशी तुम्ही मला विचारलंत की मी काय शिकवतो. शिकवत नाही, पुस्तकं सांभाळतो, असं मी म्हणालो. तुम्ही मान हलवलीत आणि तेव्हापासून मला मास्तर म्हणायला लागलात. पुस्तकाला हात लावणारा तो मास्तर, असा तुमचा सरळ हिशेब होता.

आपली रेंज एका जिनिंगच्या, कापसाची सरकी काढायच्या गिरणीच्या, मागे आहे. दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या यायला लागल्या की जिन सुरू होतं आणि उन्हाळा लागेपर्यंत हवेत रुईचे तंतू तरंगत राहतात. चहाच्या कपावर, चष्म्यावर, माणसांच्या भुवयांवर. नवीन येणाऱ्या मुलामुलींना त्याची गंमत वाटायची. तुम्हाला कधी वाटली नाही. तुम्ही पहिल्याच आठवड्यात मला बोल्ट उघडून दाखवला होता. हा लोखंडाचा दांडा मागेपुढे होतो, त्याच्या पोटात एक पिन आहे, ती पिन गोळीच्या काठावर आपटते आणि बार उडतो. पिन जोरात आपटली पाहिजे. तेलावर रुई बसली की त्याचा खळ होतो, खळात पिन अडते, आणि नुसताच टक आवाज येतो. म्हणून पावसाळ्यात गंज चढू नये इतपत तेल, आणि पावसाळा सरला की सगळं पुसून कोरडं.

"जिन चालू शे तवर तेल बंद," तुम्ही तुमच्या गावाकडच्या बोलीत म्हणालात. "हाई कोना पुस्तकमां नही भेटाव."

मी ते वहीत लिहून घेतलं, तर तुम्ही हसलात.

फौजेत तुम्ही हे कुठे शिकलात ते एकदाच सांगितलंत. वाळवंटातल्या एका चौकीवर तुमच्या ओळखीच्या एकाची रायफल ऐन वेळी चालली नाही. नळीत, बोल्टमध्ये वाळू होती. आदल्या दिवशी सफाईची पाळी त्याने टाळली होती. पुढे काय झालं ते तुम्ही सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. तुम्ही फक्त त्याच्या गावाचं नाव घेतलंत, आणि हातातली चिंधी चौकोनी घडी करून ठेवलीत.

आपलं भांडण मात्र नळीवरून होतं, आणि ते मीच सुरू केलं. मला वाचायची खोड. एका नेमबाजाच्या पुस्तकात मी वाचलं की या लहान शिशाच्या गोळ्यांवर मेणाचा थर असतो. पहिल्या पाचसहा गोळ्या उडाल्या की तो थर नळीत सारखा बसतो आणि त्यानंतर नेम जमतो. रोज नळी घासून चकचकीत केली की तो थर जातो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. म्हणून नळीला रोज तेल-ब्रश नको, एखादी कोरडी चिंधी पुरे. हे मी तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही सळई थांबवलीत आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलंत, जसं कोणी देवघरातली समई आठवड्यातून एकदाच घासा म्हणून सुचवलं आहे.

"रायफल पुस्तक वाचत नही, मास्तर."

हे वाक्य पुढे वर्षभर मी ऐकलं. चहाच्या वेळी, हजेरीच्या वेळी, नव्या मुलांच्या समोरही. पण तुम्ही नुसते टोमणे मारणारे नव्हता. एका रविवारी सकाळी तुम्ही दोन रायफली काढल्यात. एकीची नळी आदल्या दिवशी घासून पुसून लख्ख केलेली, दुसरीत नुसती चिंधी फिरवलेली. दोन्ही टेबलावर वाळूच्या पिशव्यांवर टेकवून तुम्ही स्वतः झाडल्यात, दहा दहा गोळ्या. मग टार्गेटचे कागद आणून माझ्यासमोर ठेवलेत. लख्ख नळीच्या पहिल्या चार गोळ्या भरकटल्या होत्या. दुसऱ्या कागदावर दहाही भोकं एका रुपयाखाली झाकली गेली असती.

तुम्ही कागद पालथे घातलेत. चष्मा काढून पुसलात. मला वाटलं आता तुम्ही दुसरं काही कारण सांगाल. वारा, स्वतःचा हात, उजेड.

"बरं," तुम्ही म्हणालात. "आजपाईन नळी तुमनी, बोल्ट मना."

एका ग्रंथपालाला एका आर्मोररने दिलेला तो मान होता. नळी माझी, म्हणजे नेम माझा. बोल्ट तुमचा, म्हणजे भरवसा तुमचा. नेम चुकला तर एक गोळी वाया जाते, भरवसा गेला तर माणूस वाया जातो, हेही तुम्ही त्याच दिवशी म्हणाला होता. मी घरी गेलो तेव्हा बायकोने विचारलं, आज एवढे खूश का. मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिला हसू आलं असतं.

पुढे जे झालं ते त्या खुशीतून झालं, असं मला वाटतं. मी जिंकलो होतो. एकदा जिंकलेल्या माणसाला वाटतं, सगळंच आपल्याला कळतं.

तेव्हा कल्याणी आपल्याकडे येत होती. सावद्याची, केळीवाल्यांची मुलगी. शनिवार-रविवार एसटीने जळगावला यायची. पहिल्यांदा आली तेव्हा वडील सोबत होते, त्यांनी रेंजकडे बघून विचारलं होतं की इथे पोरीचं काय होणार. तुम्ही म्हणालात, काही होणार नाही, फक्त हिला न हलता पडून राहायची सवय लागेल. दोन वर्षांत ती आपल्या क्लबातली सगळ्यांत शांत हाताची नेमबाज झाली. तीन नंबरची रायफल तिची. तुम्ही तिच्या खांद्याच्या मापाने त्या रायफलीचा दस्ता घासून दिला होता. दर वेळी गोळ्या मारून झाल्या की ती तुमच्या पाया पडून निघायची. तुम्हाला ते आवडत नाही असं तुम्ही दाखवायचात.

विभागाची निवड स्पर्धा धुळ्याला होती. आदल्या दिवशी तुमच्या थोरल्या भावाचं दहावं होतं, म्हणून तुम्हाला गावी जाणं भाग होतं. त्याच्या आदल्या दुपारी निघण्याआधी तुम्ही तीन नंबरचा बोल्ट उघडलात, पिन काढलीत, सगळं कोरडं केलंत आणि मला सांगितलंत. संध्याकाळी कल्याणी दहा गोळ्या मारील, त्यानंतर नळीत एक कोरडी चिंधी फिरवा, रायफल पेटीत ठेवा, पेटी लावून टाका. बोल्टला हात लावू नका. परवा सकाळी मी दोंडाईचाहून थेट धुळ्याला येतो.

मी हो म्हणालो. माझ्या खिशात तेव्हा शिलाई मशीनच्या तेलाची बाटली होती.

हे मी आजवर स्वतःलाही नीट सांगितलं नव्हतं. ती बाटली मी सकाळीच घरून उचलली होती. म्हणजे ऐन वेळी सुचलं असं नाही, ठरवलेलं होतं. त्याच आठवड्यात मी वाचलं होतं की बोल्टच्या आतल्या भागांना हलकं तेल दिलं तर पिन सैल चालते आणि घोडा ओढताना हाताला धक्का कमी लागतो. कल्याणीला एकदोन गुण जास्त मिळतील असं मला वाटलं. ते वाक्य ज्याने लिहिलं त्याच्या रेंजशेजारी जिनिंग नसेल, हे मला सुचलं नाही. ज्या माणसाने मला ते पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं तो दोंडाईचाच्या गाडीत बसला होता.

कल्याणी गेल्यावर मी नळीत चिंधी फिरवली. मग बोल्टमध्ये तेल सोडलं. पुस्तकात एक थेंब सांगितला होता, मी पाचसहा सोडले. जास्त म्हणजे जास्त चांगलं, असं काहीसं मनात असावं. तेल मुरू दे म्हणून रायफल टेबलावर उघडी ठेवली आणि खिडकीपाशी पुस्तक वाचत बसलो. शेजारी जिन चालू होतं. तासभर तरी बसलो असेन. उन्हात तंतू तरंगताना दिसत होते, ते छान दिसत होते. मग पेटी बंद केली.

स्पर्धेच्या सकाळी धुळ्याला थंडी होती. तुमची गाडी उशिरा आली. तुम्ही पोहोचलात तेव्हा कल्याणी चटईवर पडलेली होती आणि दहा गोळ्यांची पहिली मालिका सुरू होती. नाहीतर तुम्ही बोल्ट उघडून पाहिल्याशिवाय तिला रायफल हातात दिली नसती, हे मला माहीत आहे. तुम्ही माझ्या शेजारी उभे राहिलात, दहाव्यासाठी केस काढलेलं डोकं टोपीखाली. पहिली मालिका तिची फार चांगली गेली. तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, नळी बरी पुसली मास्तर.

दुसऱ्या मालिकेत तिसऱ्या गोळीला टक आवाज आला.

ती थांबली. हात वर केला, पंचांनी पाहिलं, तिने गोळी बदलली. पुढची उडाली. त्यानंतर पुन्हा टक. आणि पुन्हा. पंच रायफल घेऊन टेबलाशी आले. त्यांनी बोल्ट उघडला आणि आतून राखाडी रंगाचा ओला धागा बाहेर आला, बोटाएवढा लांब. आजूबाजूचे चारपाच क्लबवाले बघत होते. कोणीतरी म्हणालं, सफाईच नाही केलेली.

तुम्ही पंचांच्या हातून बोल्ट घेतलात. नाकाशी नेलात. मग मला विचारलंत, हळू आवाजात, फक्त मला ऐकू जाईल असं.

"मास्तर, तुम्ही बोल्टले हात लाया व्हता का?"

"नाही," मी म्हणालो. "फक्त नळी."

एवढंच. तीन शब्द लागले. तुम्ही माझ्याकडे पाहत राहिलात, फार वेळ नाही, एक श्वास घेण्याइतकं. मग वळलात आणि पंचांना स्वच्छ मराठीत सांगितलंत, "साहेब, मी या क्लबचा आर्मोरर आहे. चूक माझी आहे."

कल्याणीला दुसऱ्या कोणाची रायफल मिळाली. दस्ता तिच्या खांद्याला बसत नव्हता. दोन गुणांनी तिची निवड हुकली. परतीच्या गाडीत ती आणि तिचे वडील पुढच्या बाकावर बसले, आपण मागे. ती एकदाही वळली नाही. पारोळा मागे पडल्यावर तुम्ही बोललात. खिडकीबाहेर बघत.

"माले याद नही राह्यनं, मास्तर. मी बोल्ट कोरडा करेल व्हता, असं माले वाटे."

मला वाटलं, आज नको, आज तुम्ही दहाव्याहून आला आहात, थकलेले आहात. उद्या सांगू. भाऊ, तो उद्या म्हणजे काय असतो ते मला आता कळलं.

पुढच्या आठवड्यात तुम्ही कपाटाच्या किल्ल्या माझ्यासमोर ठेवल्यात. वय झालं, आता लक्षात राहत नाही, म्हणालात. मी त्या तुमच्याकडे न बघता उचलल्या. परवान्याच्या कागदांवर नाव बदलायचा अर्जही मीच लिहिला, चांगल्या भाषेत. तुम्ही एक नवीन वही आणलीत, सफाईची. कोणत्या दिवशी, कोणती रायफल, कोणी साफ केली. पहिल्या पानावर तुम्ही त्या स्पर्धेची नोंद केलीत: तीन नंबर, बोल्टची सफाई राहिली, चूक माझी. खाली सही. मग पुढचं पान.

आणि मग ते रोजचं सुरू झालं. तुम्ही बोल्ट उघडायचात, पुसायचात, आणि माझ्यापुढे धरायचात. "देखा मास्तर. कोरडा शे ना?" मी बघायचो. "आहे," म्हणायचो. तुम्ही वहीत लिहायचात आणि मी साक्षीदार म्हणून सही करायचो. चाळीस वर्षं डोळे मिटून बोल्ट उघडणारा माणूस माझ्या सहीशिवाय स्वतःच्या हातावर विश्वास ठेवत नव्हता. पाऊस असो, जिन बंद असो, तो प्रश्न चुकला नाही. कधी कधी विचारून झाल्यावर तुम्ही बोल्ट लगेच मागे घ्यायचा नाहीत. तो आपल्या दोघांच्या मध्ये तसाच धरून ठेवायचात. मी काही म्हणतो का याची वाट पाहिल्यासारखे. तेव्हा मला वाटायचं, म्हातारपणाने हात मंदावला आहे.

तुम्ही विसरायला लागला आहात असं क्लबमध्ये बोललं जाऊ लागलं. ते मी ऐकून घेतलं. एकदा एका सभासदाने विचारलं, भाऊंना आता घरी बसायला सांगावं का, तर मी म्हणालो, राहू द्या, त्यांना बरं वाटतं. किती उदारपणे म्हणालो. प्रत्यक्षात तुम्ही एकही गोष्ट विसरला नव्हता. प्रत्येक रायफलीचा नंबर, कोणत्या पावसाळ्यात कोणत्या नळीला गंज धरला होता, सगळं तुम्हाला पाठ होतं. विसरलेली एकच गोष्ट होती, आणि ती घडलेलीच नव्हती.

माझ्या पोटाचं ऑपरेशन झालं त्या महिन्यात तुम्ही रोज दुपारी कॉलेजच्या ग्रंथालयात जात होता, हे मला परत आल्यावर शिपायाने सांगितलं. खिशातून चिंध्या काढायच्या आणि एकेका कपाटातली पुस्तकं वरून पुसायची. मास्तर येईपर्यंत धूळ बसायला नको, असं त्याला सांगितलंत. तो सांगत होता की पहिल्या दिवशी त्याला वाटलं, कोणी पेन्शनर पेपर वाचायला आला आहे. मी तुमचे आभार मानायला आलो तेव्हा तुम्ही म्हणालात, पुस्तकांच्या पाठी जराशा काळ्या झाल्या होत्या, तेल मात्र लावलं नाही. आणि हसलात. मीही हसलो. घरी जाताना सायकल थांबवून मी रस्त्याच्या कडेला उभा राहिलो. तेव्हा तरी परत फिरायला हवं होतं. तुमचं घर पाच मिनिटांवर होतं.

शनिवारी, तुम्हाला जाऊन चार दिवस झाले होते, अक्कांनी मला बोलावलं. तुमच्या ट्रंकेत क्लबचं काही सामान आहे, घेऊन जा म्हणाल्या. वर तुमची फौजेतली टोपी. खाली सळया, ब्रश, मापाने कापलेल्या चिंध्यांचे गठ्ठे, दोऱ्याने बांधलेले. जुन्या बनियनच्या, अक्कांच्या जुन्या लुगड्याच्या. एका चिंधीत काही गुंडाळलं होतं. अक्कांनी ते वेगळं काढून माझ्या हातावर ठेवलं.

"हाई तुमनी शे ना? ते सांगी ग्यात, मास्तर मांगतीन तवय देजो. तुम्ही मांगीच नही."

मी चिंधी सोडली. शिलाई मशीनच्या तेलाची बाटली होती. गळ्याशी लाल दोरा बांधलेला. माझी बायको मशीनच्या प्रत्येक वस्तूला लाल दोरा बांधते, मुलांनी उचलू नये म्हणून. ही बाटली हरवली तेव्हा घरात दोन दिवस शोधाशोध झाली होती, आणि मीही खोटं शोधलं होतं. मला तेव्हाच समजायला हवं होतं की मी ती रेंजच्या खिडकीत विसरलो.

मी अक्कांना विचारलं, ही त्यांना कधी मिळाली. अक्कांना सांगता येईना. लई दिवसांपासून ट्रंकेत आहे, एवढंच. दोन वर्षं की सहा, त्यांना आठवत नव्हतं. त्यांनी मला चहा दिला आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर बांधून दिली, नेहमी देतात तशी.

तेव्हापासून मी एकच गोष्ट उलटसुलट करून पाहतो आहे. तुम्ही धुळ्याला बोल्ट नाकाशी नेला होता. आपल्या रेंजच्या तेलाचा वास निराळा, मशीनच्या तेलाचा निराळा. तुमच्या नाकाला ते कळलं नसेल असं मला वाटत नाही. मग त्याच क्षणी तुम्हाला ठाऊक होतं का? ठाऊक असून चूक माझी म्हणालात का? की खरोखरच तुम्हाला वाटलं की आपण विसरलो, आणि कित्येक महिने स्वतःच्या डोक्याची भीती बाळगून जगलात, आणि मग एक दिवस खिडकीतल्या कचऱ्यात ही बाटली सापडली? आणि त्या किल्ल्या? बोल्टला हात लावणारा मीच, हे ठाऊक असून तुम्ही तो कायमचा माझ्या हवाली केलात का?

कोणतं जास्त वाईट ते मला ठरवता येत नाही. एवढं मात्र कळलं की तुम्ही बोल्ट माझ्यापुढे धरून थांबायचात ते हात मंदावला म्हणून नव्हे. सहा वर्षं तुम्ही मला तोच प्रश्न विचारत होता आणि मी रोज सही करून उत्तर टाळत होतो. कोरडा शे ना. आहे. आता संध्याकाळी पाच वाजले की मी कुठेही असलो तरी तो प्रश्न येतो. काल ग्रंथालयात आला. मी कोणाला तरी आहे म्हणालो, आणि समोरची विद्यार्थिनी म्हणाली, सर, मी काही विचारलं नाही.

रविवारी मी कल्याणीला फोन केला. ती आता पहूरला एका शाळेत खेळ शिकवते. तुम्ही गेल्याचं तिला कळलं होतं, पण ती आली नव्हती. मी सगळं सांगितलं. तेल, जिन, बाटली, धुळ्याला बोललेले तीन शब्द.

मग ती म्हणाली की स्पर्धेनंतर चार दिवसांनी भाऊ सावद्याला आले होते. एकटे, एसटीने. हे मला माहीत नव्हतं, भाऊ. ओट्यावर उभे राहिले, बसा म्हटलं तरी बसले नाहीत. तिच्या वडिलांसमोर हात जोडले. वडील रागात होते. म्हणाले, तुमचं वय झालं, किल्ल्या दुसऱ्या कोणाला तरी देऊन टाका. तुम्ही म्हणालात, देतो. आणि निघालात. ती आतल्या खोलीतून बघत होती.

"सर, मी बाहेर आले नाही," ती म्हणाली. "नंतर रेंजवर आले तेव्हाही त्यांच्या पाया पडले नाही. मग येणंच बंद केलं. आता मी कोणाच्या पाया पडू?"

तिने मला माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि मीही माफी मागितली नाही. शाळेची घंटा नव्हती, रविवार होता, तरी ती म्हणाली की तास आहे, ठेवते.

तुमचा राग करता आला असता तर बरं झालं असतं, असंही माझ्या मनात येऊन गेलं. एकदा बोलला का नाहीत? एकदा ती बाटली टेबलावर ठेवली असतीत तर मी त्याच दिवशी सावद्याला गेलो असतो. पण हे म्हणणं म्हणजे पुन्हा माझं काम तुमच्यावर ढकलणं. बाटली मागायची होती ती मी. तुम्ही ती पुसून, लुगड्याच्या मऊ चिंधीत गुंडाळून, मी मागेन म्हणून जपून ठेवली होती. जी वस्तू हाताखालून गेली ती स्वच्छ करून ठेवायची, एवढंच तुम्हाला येत होतं. ते मी तुमच्याकडून अर्धंच शिकलो.

आज दुपारी मी रेंजवर जाऊन सफाईच्या वहीचं पहिलं पान उघडलं. तुमच्या सहीखाली चार बोटं जागा होती. तिथे मी लिहिलं: बोल्ट भाऊंनी कोरडा केला होता. तेल मी लावलं. विचारल्यावर नाही म्हणालो. खाली माझं नाव आणि सही. साक्षीदाराची जागा रिकामी आहे. ही पानं वाचून झाली की मी ती वही सभेत फिरवणार आहे. कल्याणीच्या वडिलांना भेटायला सावद्याला जाणार आहे, आणि बसा म्हटलं तरी बसणार नाही.

नळीचं आपलं भांडण तसंच राहिलं. मला अजूनही वाटतं की एक कोरडी चिंधी पुरते. तुम्ही मान्य केलं होतं, पण मी नसताना तुम्ही हळूच ब्रश फिरवायचात, हे मला ठाऊक आहे. तुमच्या वहीत त्याची नोंद नाही.

जिन चालू आहे. तीन नंबरची रायफल कपाटात आहे. तेलाची बाटली माझ्या टेबलावर आहे, अर्धी भरलेली. बोल्ट मी पुसला आहे. तो कोरडा आहे.